जलतापीय खनिजशिरा : धातू खडकात कसे साठतात

गोमंतकीयांच्या परिचयाची खाण म्हणजे लोहखनिजाची उघडी खाण. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी उतरवत नेला की तांबड्या-काळ्या थरांच्या रूपाने खनिज हाती लागते. त्यामुळे खनिज म्हणजे जमिनीत पसरलेला थर, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. सोने, चांदी, शिसे, जस्त, कथील आणि तांबे यांचा फार मोठा वाटा मात्र जगाला थरांतून नव्हे, तर शिरांतून मिळाला आहे. खडकाला तडा जातो, त्या तड्यातून उष्ण पाणी वाहते आणि आपल्यासोबत आणलेले पदार्थ तड्याच्या भिंतींवर ठेवून जाते. अशा रीतीने भरून आलेल्या भेगेला भूविज्ञानात जलतापीय शिरा म्हणतात.

या शिरा कशा तयार होतात हा प्रश्न केवळ अभ्यासकांपुरता मर्यादित नाही. कोलारची सोन्याची खाण इतकी खोल का गेली व अखेर बंद का पडली, कर्नाटकातील काही वस्त्यांच्या पाण्यात आर्सेनिक का उतरले आणि वास्को येथील एक संशोधन संस्था हिंदी महासागराच्या तळाशी काय शोधत आहे, या तिन्ही प्रश्नांची मुळे एकाच प्रक्रियेत आहेत.

विरळ धातू आणि त्यांचे एकत्रीकरण

पृथ्वीच्या कवचात जवळजवळ सर्व धातू आहेत. परंतु बहुतेक इतके विरळ आहेत की ते काढणे परवडत नाही. खाण चालवण्याजोगे खनिज तयार होण्यासाठी निसर्गाने तो धातू आधी एकत्र आणलेला असावा लागतो. किती पटींनी, हे धातूगणिक बदलते.

लोहाचे कवचातील सरासरी प्रमाण सुमारे ५ टक्के आहे. ५५ ते ६० टक्के लोह असलेले खनिज मिळण्यासाठी ते साधारण अकरा-बारा पट वाढले की पुरते. तांबे कवचात दशलक्ष भागांत ५० ते ६० भाग असते. खाणीत ते अर्धा ते एक टक्का तरी असावे लागते, म्हणजे वाढ शंभर ते दोनशे पट हवी. शिसे दशलक्ष भागांत दहा-पंधरा भाग असते, त्यामुळे त्याला काही हजार पट एकवटावे लागते. सोने तर कवचाच्या एका टनात केवळ ३ ते ४ मिलिग्रॅम असते. भूमिगत खाणीत एका टनामागे चार-पाच ग्रॅम सोने मिळायचे, तर ते हजारपटीहून अधिक एकवटलेले हवे.

गोव्यातील लोहखनिजाचे मूळ प्राचीन समुद्रतळावर साचलेल्या पट्टेदार लोहखडकात आहे. पुढे दीर्घ काळ पडलेल्या पावसाच्या पाण्याने त्यातील सिलिका विरघळवून नेली आणि लोह मागे उरले. म्हणजे येथेही काम पाण्यानेच केले. फक्त ते थंड पाणी होते आणि त्याने नको असलेला भाग काढून नेला. जलतापीय शिरेत याच्या उलट घडते. पाणी दूरवरच्या, अतिशय विरळ धातू असलेल्या खडकांतून हवा तो भाग वेचून आणते आणि एका अरुंद जागी जमा करते. हजारपट एकत्रीकरण त्यामुळेच शक्य होते.

पाणी येते कोठून

खोल खडकांत पाणी असते ही कल्पना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु त्याचे अनेक स्रोत आहेत.

पहिला स्रोत शिलारस. वितळलेल्या खडकात काही टक्के पाणी विरघळलेले असते. शिलारस थिजू लागला की फेल्स्पार व क्वॉर्ट्झ यांसारख्या स्फटिकांत त्या पाण्याला जागा मिळत नाही. ते उरलेल्या द्रवात साठत जाते आणि शेवटी वेगळे होऊन बाहेर पडते. जाताना ते क्लोरीन, गंधक आणि स्फटिकांनी न स्वीकारलेले धातू सोबत नेते.

दुसरा स्रोत रूपांतरण. क्लोराइट, अभ्रक यांसारख्या खनिजांच्या रचनेतच पाणी बांधलेले असते. पर्वतनिर्मितीच्या काळात हे खडक खोल गाडले जाऊन तापले की खनिजे बदलतात आणि बांधलेले पाणी मोकळे होते. खडकाचे प्रचंड आकारमान लक्षात घेता हे पाणी थोडे नसते.

तिसरा स्रोत पावसाचे पाणी. भेगांतून खाली गेलेले पाणी दर किलोमीटरमागे सर्वसाधारणपणे २५ ते ३० अंश सेल्सियसने अधिक तापलेल्या खडकांच्या संपर्कात येते आणि हलके होऊन पुन्हा वर चढते. कोकणात ज्याला उन्हाळे म्हणतात तो उष्ण झरा याच अभिसरणाचे दृश्य टोक आहे. राजापूरजवळील उन्हाळे, दापोली तालुक्यातील उन्हवरे, ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी येथील झरे हे अभिसरण आजही चालू असल्याचे दाखवतात. चौथा स्रोत समुद्राचे पाणी आणि गाळाच्या थरांत अडकून राहिलेले प्राचीन खारे पाणी हा होय.

शिरेतील पाणी यांपैकी कोणते होते, हे त्यातील हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून पुष्कळदा ओळखता येते. अनेक शिरांत एकाहून अधिक स्रोतांचे पाणी मिसळलेले आढळते.

धातू पाण्यात उतरतात कसे

शुद्ध पाण्यात, ते कितीही उष्ण असले तरी, गॅलेना हे शिशाचे खनिज किंवा सोने नगण्य प्रमाणात विरघळते. नुसत्या उष्णतेने शिरा भरल्या नसत्या. धातूंना पाण्यात धरून ठेवणारा एखादा वाहक लागतो. तांबे, शिसे, जस्त आणि चांदी यांचा मुख्य वाहक म्हणजे क्लोराइड. पाणी जितके खारे व उष्ण, तितका धातूचा अणू क्लोराइडशी जोडला जाऊन विद्रावात टिकून राहतो. जलतापीय पाणी अनेकदा समुद्राच्या पाण्याहून कितीतरी पट खारे असते, ते त्यामुळे महत्त्वाचे ठरते.

शिरांतील सोन्याचा वाहक बहुधा वेगळा असतो. कुजलेल्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड वायू पाण्यात विरघळला की त्यातील गंधकयुक्त आयन सोन्याशी जोडले जातात. म्हणूनच सोन्याच्या शिरा घडवणारे पाणी खारट नसले तरी चालते. त्यात गंधक असणे आवश्यक असते. शिसे-जस्ताच्या खाणी आणि सोन्याच्या खाणी बऱ्याचदा वेगवेगळ्या भूप्रदेशांत असतात, त्याचे एक कारण वाहकांच्या या भेदात आहे.

वाहक मिळूनही विद्रावातील धातूचे प्रमाण अल्पच असते. उदाहरणार्थ, एक टन पाण्याने १० मिलिग्रॅम सोने मागे ठेवले असे धरू. एका किलोसाठी एक लाख टन पाणी त्या भेगेतून जावे लागेल. कोलारमधून सुमारे ८०० टन सोने निघाले. या हिशेबाने त्यासाठी ८० अब्ज घनमीटर पाणी लागले असते, म्हणजे कोयनेचा शिवसागर जलाशय पंचवीसहून अधिक वेळा भरेल इतके. हा केवळ प्रमाणाची कल्पना देणारा हिशेब आहे; तरी शिरा घडण्यास एवढे पाणी एकाच वाटेने वाहत राहणे किती आवश्यक असते, हे त्यातून उमगते.

वाट : तडे, विभंग आणि भूकंप

कित्येक किलोमीटर खोलीवर वरच्या खडकांचा भार इतका असतो की उघडी भेग टिकू शकत नाही. मग पाण्याला वाट मिळते कशी? भेग पाण्याच्या दाबानेच उघडी राहते, आणि पुष्कळदा तीही थोडाच काळ.

खडकांचे दोन भाग ज्या पृष्ठावर एकमेकांवरून सरकतात त्याला विभंग म्हणतात. विभंगाच्या भेगा खनिजांनी बुजल्या की खालून येणारे पाणी अडते. त्याचा दाब वाढत जातो. तो पुरेसा वाढला की विभंग सरकतो, भूकंप होतो, भेग उघडते आणि कोंडलेले पाणी वेगाने वर धावते. दाब एकाएकी उतरल्यामुळे पाण्यातील सिलिका व धातू खाली बसतात, भेग पुन्हा बुजते आणि पाणी पुन्हा अडते. विभंग या क्रियेत झडपेसारखे काम करतो. रिचर्ड सिब्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये हे स्पष्टीकरण मांडले आणि सोन्याच्या शिरांच्या अभ्यासात ते आज पायाभूत मानले जाते.

या क्रियेचा पुरावा शिरेतच असतो. अनेक क्वॉर्ट्झ शिरा एकसंध नसून पातळ पापुद्रे एकाला एक लागून बनलेल्या दिसतात. मध्ये भिंतीच्या खडकाच्या काळसर रेषा अडकलेल्या असतात. प्रत्येक पापुद्रा म्हणजे भेग उघडून पुन्हा बुजल्याची एक नोंद. सरळ विभंगापेक्षा त्याच्या वळणावर अथवा दोन विभंग जेथे मिळतात तेथे पोकळी अधिक निर्माण होते, म्हणून समृद्ध साठे पुष्कळदा अशाच जागी सापडतात. शिरेची रुंदी थोड्या अंतरात हाताएवढी होते किंवा बोटाएवढी उरते, त्याचे कारणही हेच.

धातू पाण्यातून सुटतात का

वाहत्या पाण्याने धातू नुसते वाहून नेले तर साठा होत नाही. विशिष्ट जागी वाहकाची पकड सुटावी लागते. त्याची मुख्य कारणे चार आहेत.

पहिले कारण पाणी थंड होणे. क्लोराइडने धरलेले धातू तापमान उतरताच सल्फाइडच्या रूपाने वेगळे होतात. शिशाचे गॅलेना, जस्ताचे स्फॅलेराइट व तांब्याचे कॅल्कोपायराइट अशा रीतीने साकार होतात.

दुसरे कारण उकळणे. दाब उतरला की पाणी उकळते आणि त्यातील कर्ब-द्विप्राणिद व हायड्रोजन सल्फाइड वाफेबरोबर निघून जातात. वाहक गेला की सोने विद्रावात राहू शकत नाही. भूपृष्ठाजवळच्या, एक किलोमीटरच्या आतबाहेरच्या अनेक सोन्या-चांदीच्या शिरांत मुख्य कारण हेच असते.

तिसरे कारण भिंतीच्या खडकाशी होणारी प्रक्रिया. खडक लोहयुक्त असेल, तर लोह पाण्यातील गंधक हिरावून घेते व पायराइट तयार होते. गंधक गमावलेले सोने तेथेच बसते. लोहाने समृद्ध असलेले प्राचीन बेसाल्ट जेथे आहेत तेथे सोन्याच्या शिरा का आढळतात, हे यावरून स्पष्ट होते. या प्रक्रियेत भिंतीचा खडकही बदलतो. त्यात अभ्रक, कार्बोनेट, क्लोराइट वाढतात आणि त्याचा रंग पालटतो. शिरा हाताएवढी असली तरी बदललेल्या खडकाचा पट्टा पुष्कळ रुंद असू शकतो. शोध घेणारा भूवैज्ञानिक म्हणून आधी शिरा न शोधता हा पट्टा शोधतो.

चौथे कारण दोन प्रकारच्या पाण्यांचे मिश्रण. खोलवरून आलेले उष्ण, धातुयुक्त पाणी वरून उतरलेल्या थंड पाण्यात मिसळले की तापमान, खारेपणा व आम्लता एकाच वेळी बदलतात.

यांत अलीकडे एका संभाव्य कारणाची भर पडली आहे. क्वॉर्ट्झवर दाब पडला की त्यात विद्युत्‌भार निर्माण होतो. भूकंपाच्या हादऱ्यांनी क्वॉर्ट्झमध्ये निर्माण होणारी वीज विद्रावातील सोने आधीच्या सोन्याच्या कणांवर बसवू शकते, असे ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रयोगान्ती मांडले. क्वॉर्ट्झमध्ये सोन्याचे मोठे गोळे का सापडतात, या जुन्या कोड्यावर त्यामुळे प्रकाश पडतो.

शिरेतील बहुतांश भाग अर्थात धातूचा नसतो. क्वॉर्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, तसेच कॅल्साइट, फ्लुओराइट, बराइट ही खनिजे शिरेचा मोठा भाग व्यापतात. त्यांना मलखनिजे म्हणतात. भिंतीलगतचे खनिज सर्वांत आधीचे आणि मध्यभागातील सर्वांत नंतरचे, असा क्रम सामान्यतः असतो. मध्ये पोकळी उरलेली असेल तर तेथे सुबक टोकदार स्फटिक वाढलेले दिसतात.

हे ज्ञान कसे मिळाले

शिरा घडताना कोणी पाहिली नव्हती. त्यामुळे तिच्या उत्पत्तीविषयी दीर्घकाळ वाद चालला. खाणगावी वैद्यकी केलेल्या गेओर्ग आग्रिकोला यांनी १५४६ मध्येच शिरा भूगर्भात फिरणाऱ्या पाण्याने भरल्या जातात असे प्रतिपादन केले. १७९१ मध्ये आब्राहम वेर्नर यांनी आद्य महासागराचे पाणी वरून भेगांत उतरून शिरा भरल्या असा सिद्धांत मांडला. दुसऱ्या पक्षाच्या मते शिरा खालून आलेल्या वितळलेल्या द्रव्याच्या होत्या.

निर्णायक पुरावा अतिशय लहान वस्तूंतून आला. स्फटिक वाढताना भोवतालच्या द्रवाचे सूक्ष्म थेंब त्यात बंदिस्त होतात. इंग्लंडमधील हेन्री सॉर्बी यांनी १८५८ मध्ये हे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. थेंबात द्रव असतो आणि एक बुडबुडाही. स्फटिक घडताना द्रव उष्ण असल्याने त्याने सर्व पोकळी व्यापलेली असते. थंड झाल्यावर तो आकसतो आणि बुडबुडा निर्माण होतो. स्फटिक पुन्हा तापवला असता ज्या तापमानाला बुडबुडा नाहीसा होतो, ते स्फटिकाच्या जन्मकाळचे किमान तापमान. थेंब गोठवून त्याचा खारेपणाही मोजता येतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे पाणी अशा रीतीने आजही तपासता येते.

अमेरिकेत काम केलेले स्वीडिश भूवैज्ञानिक वाल्डेमार लिंडग्रेन यांनी १९१३ मध्ये तापमान व खोली यांनुसार शिरांचे वर्गीकरण केले. सुमारे ५० ते २०० अंशांच्या अल्पतापी, २०० ते ३०० अंशांच्या मध्यतापी आणि ३०० ते ५०० अंशांच्या उच्चतापी असे हे तीन वर्ग होत. त्यानंतर वर्गीकरणात पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी तापमानाबरोबर खनिजे बदलतात हे त्यातील मर्म टिकून आहे.

इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात हे मर्म खाणकामगारांनी प्रत्यक्ष अनुभवले होते. तेथे ग्रॅनाइटाजवळ, उष्ण भागात कथील. त्याच्या वर व बाहेर तांबे. आणि आणखी दूर, थंड भागात शिसे, जस्त व चांदी, असा क्रम आढळतो. डॉल्कोथ ही तेथील विख्यात खाण दीर्घकाळ तांब्याची होती. खोल जाताना तांबे संपत आले. परंतु त्याखाली कथिलाचे समृद्ध साठे लागले आणि खाण नव्याने उभी राहिली. एक धातू संपला म्हणजे शिरा संपली असे नव्हे, हा त्यातून मिळालेला धडा.

कोलार आणि हट्टी

कॉर्नवॉलचे खाणकाम भारतात आले ते कोलारला. कोलार परिसरातील ग्रामस्थ सोने काढतात याची नोंद लेफ्टनंट जॉन वॉरन यांनी १८०२ मध्ये केली होती. १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने तेथे आधुनिक खाणकाम सुरू केले आणि कॉर्नवॉलचे अनुभवी कामगार आणले. आरंभीची काही वर्षे निराशेची गेली. भांडवल संपत आले असताना प्राचीन खणकामाच्या तळाखाली खोदून पाहण्यात आले आणि चॅम्पियन शिरा हाती लागली. पूर्वजांनी सोडलेली जागा ही सोने संपल्याची खूण नव्हती. पाणी उपसण्याची व खोल जाण्याची त्यांची साधने संपल्याची ती खूण होती.

कोलारचा खडक सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावरील बेसाल्टाचा, पुढे रूपांतर होऊन अँफिबोलाइट बनलेला. अरुंद पट्ट्यात तो सुमारे ८० किलोमीटर उत्तर-दक्षिण पसरला आहे. पर्वतनिर्मितीच्या अखेरच्या टप्प्यात, सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी, त्यात क्वॉर्ट्झच्या शिरा भरल्या. अशा शिरांचे पाणी सहसा कमी खारे व कर्ब-द्विप्राणिदाने समृद्ध असते. चॅम्पियन शिरेतील सोने मुख्यतः क्वॉर्ट्झमध्ये मोकळ्या कणांच्या रूपात होते, तर पश्चिमेकडील शिरांत ते सल्फाइड खनिजांच्या सोबतीने आढळले.

ही शिरा सुमारे ३.२ किलोमीटर खोलीपर्यंत खणली गेली. तेथे खडकाचे तापमान ६० अंशांच्या पुढे होते. खडक काढल्याने उरलेल्या भागावरील ताण वाढून तो स्फोटासारखा फुटे; कोलारच्या कामगारांना या खडकस्फोटांनी सतत ग्रासले. खोली वाढली तसा हवा थंड ठेवण्याचा, पाणी उपसण्याचा आणि खनिज वर आणण्याचा खर्च वाढला व टनामागचे सोने घटत गेले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. एका शिरेवर उभे राहिलेले आणि पिढ्यान्‌पिढ्या वसलेले शहर मागे राहिले.

रायचूर जिल्ह्यातील हट्टी, पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील, याच प्रकारच्या खडकांत आहे आणि आजही चालू आहे. तेथील प्राचीन खणकामाचा काळ सुमारे दोन हजार वर्षांमागे जातो. तेथील शिरा खडकाच्या घासल्या गेलेल्या पट्ट्यांत आहेत आणि सोन्यासोबत आर्सेनोपायराइट हे आर्सेनिकयुक्त सल्फाइड आढळते. याचे महत्त्व पुढे येईल.

या सर्व खडकांना धारवाड शहरावरून धारवाड हे नाव मिळाले आहे. बार्से, सावर्डे, डिचोली व वाघेरी अशी गोमंतकीय नावे लाभलेले गोव्याचे प्राचीन खडकही याच महासमूहात गणले जातात. गोव्याच्या खडकांतही पांढऱ्या क्वॉर्ट्झच्या शिरा दिसतात. परंतु खडक एका कुळातले असले म्हणून साठा असतोच असे नाही. पाणी, वाहक, वाट आणि धातू सुटण्याची जागा या चारही गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. आणि निव्वळ सिलिका आणणारे पाणी सोने आणणाऱ्या पाण्याहून फार अधिक असते. महाराष्ट्राच्या बेसाल्टातील पोकळ्यांत नाशिक, जळगाव, पुणे या भागांत मिळणारे ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट यांचे देखणे स्फटिकही उष्ण पाण्यानेच घडवले आहेत. जगभरचे संग्राहक ते जपतात. धातूचा साठा मात्र तेथे झाला नाही.

समुद्रतळावर चालू असलेली प्रक्रिया

१९७९ पर्यंत धातू साचवणारे इतके उष्ण पाणी समुद्रतळावर प्रत्यक्ष वाहताना कोणी पाहिले नव्हते. त्या वर्षी पूर्व प्रशांत महासागरातील समुद्रतळाच्या कण्यावर ॲल्विन या पाणबुडी यानातील शास्त्रज्ञांना काळ्या धुरासारखे पाणी ओकणाऱ्या चिमण्या दिसल्या. समुद्राचे पाणी भेगांतून खाली जाते, शिलारसाच्या उष्णतेने तापते, बेसाल्टातील धातू व गंधक घेते आणि सुमारे ३५० अंश तापमानाने वर येते. वरील पाण्याच्या प्रचंड दाबामुळे ते सहजी उकळत नाही. तळाच्या जवळजवळ गोठणबिंदूइतक्या थंड पाण्यात ते शिरताच तांबे, जस्त व लोह यांची सल्फाइडे काळ्या कणांच्या रूपाने बाहेर पडतात. जमिनीखाली कित्येक किलोमीटरवर जे घडते त्याचा हा डोळ्यांपुढचा प्रयोग.

या शोधाशी गोव्याचा थेट संबंध आहे. २०१६ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार करून हिंदी महासागराच्या मध्य व नैर्ऋत्य कण्यांवरील १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात बहुधातू सल्फाइडांच्या शोधाचा अधिकार मिळवला. वास्कोतील हेडलँड सडा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र हे काम पाहते. या केंद्राच्या व चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी डिसेंबर २०२४ मध्ये सुमारे ४,५०० मीटर खोलीवरील सक्रिय जलतापीय मुखाची छायाचित्रे स्वयंचलित यानाद्वारे टिपली. हा करार शोधाचा आहे, उत्खननाचा नाही. अशा मुखांभोवती सूर्यप्रकाशाविना जगणारी, अन्यत्र न आढळणारी जीवसृष्टी असते. उत्खननाचा निर्णय घेताना तिचाही हिशेब करावा लागेल.

शिरा उघडल्यानंतर

शिरेतील खनिजे जेथे घडली तेथे प्राणवायू नव्हता, दाब होता आणि ती स्थिर होती. खाण म्हणजे ती स्थिती बदलणे. हवा व पाणी लागताच पायराइट कुजते व गंधकाम्ल तयार होते. आर्सेनोपायराइट कुजले की आर्सेनिक पाण्यात उतरते. सोन्याला शिरेत बसवणाऱ्या रसायनशास्त्रानेच आर्सेनिकलाही तेथे बसवलेले असते, त्यामुळे एक काढताना दुसरे उघडे पडते.

याचे गंभीर उदाहरण यादगीर जिल्ह्यातील मंगळूरच्या सोन्याच्या पट्ट्यात आहे. किनाऱ्यावरील मंगळूर शहराशी त्याचा संबंध नाही. तेथील बंद पडलेल्या खाणीजवळच्या किरदळ्ळी तांडा या वस्तीत भूजलातील आर्सेनिकमुळे रहिवाशांना त्वचेचे विकार जडल्याचे संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोंदवले. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आर्सेनिक ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. कोलारला प्रश्न निराळ्या स्वरूपाचा आहे. सोने काढून घेतल्यावर उरलेल्या चूर्णाचे, तेथे सायनाइड डंप म्हणून ओळखले जाणारे, तीन कोटी टनांहून अधिक वजनाचे ढिगारे शहरालगत उभे आहेत व वाऱ्यावर त्यांची धूळ उडते.

सोन्याचा किंवा अन्य धातूचा साठा सापडल्याचे वृत्त अधूनमधून येत असते. त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी वाचकाने काही साधे प्रश्न विचारावेत. टनामागे धातू किती? शिरेची रुंदी किती आणि ती किती अंतरापर्यंत सलग आहे? हे आकडे पृष्ठभागावरील नमुन्यांचे आहेत की खोल छिद्रे घेऊन तपासलेले? धातूसोबत कोणती सल्फाइडे आहेत, त्यांत आर्सेनिक आहे काय? आणि खाण बंद झाल्यावर तेथील पाण्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी कोणाची? पहिले तीन प्रश्न खाण चालेल की नाही हे सांगतात; शेवटचे दोन भोवतालच्या गावांचे काय होईल हे सांगतात.

कोलारची शिरा भरली त्याला सुमारे २५० कोटी वर्षे झाली. ती उपसण्यास १२० वर्षे पुरली. भूगर्भात उष्ण पाणी आजही वाहते आहे आणि नव्या शिरा घडत आहेत, परंतु त्यांचा वेग मानवी व्यवहाराच्या उपयोगाचा नाही. उघडलेली शिरा आपल्यापुरती एकदाच मिळते. म्हणून तिच्यातून काय काढले याइतकाच, तिच्याभोवतीच्या पाण्यात काय सोडले याचाही हिशेब ठेवला पाहिजे.